पीसी बंद पडत नाही, कुणीतरी तो बंद करतं!

वर्धा जिल्ह्यात कॉम्प्युटरवर सगळ्यात जड काम नेमकं सगळ्यात कडक ऋतूत येतं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत फोटो स्टुडिओंत रात्र-रात्र व्हिडिओ रेंडर होत असतात. कॉलेजच्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट याच सुमाराला गळ्याशी येतात, आणि ज्यांची परीक्षा संपली त्यांचे गेम सुरू होतात. बाहेर पारा ४५ च्या आसपास. अशात हौसेने एकेक पार्ट निवडून असेंबल केलेला पीसी कामाच्या ऐन भरात खटकन बंद होतो. ना निळी स्क्रीन, ना सूचना. सगळ्यांच्या तोंडी एकच निदान : "गरम झाला!"

हे निदान बऱ्याचदा अर्धवट असतं. अशा वेळी पीसी आपोआप बंद पडलेला नसतो. स्वतःला किंवा घराला वाचवण्यासाठी कुठल्यातरी भागाने तो मुद्दाम बंद केलेला असतो. असे पहारेकरी चार : प्रोसेसर, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), यूपीएस आणि भिंतीवरची एमसीबी. चौघांपैकी वीज कुणी तोडली हे कळलं की निम्मी दुरुस्ती झालीच. आणि चौघांच्याही गोष्टी मोठ्या मजेदार आहेत.

धुराचा व्हिडिओ

२००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'ने एक प्रयोग चित्रित केला. चालू कॉम्प्युटरवर 'क्वेक ३' गेम सुरू ठेवून प्रोसेसरवरचा हीट सिंक सरळ उचलून काढला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही सेकंदांत धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला. गेम अडखळत, रांगत चालू राहिला, आणि हीट सिंक परत बसवल्यावर पुन्हा पूर्ववत पळू लागला. जगभरच्या हौशी लोकांनी तो व्हिडिओ डोळे विस्फारून पाहिला.

आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर त्या पेंटियमसारखेच शहाणे आहेत. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. त्या रेषेला टेकले की ते आधी वेग कमी करतात. वीज तोडण्याची पाळी त्याच्याही बरीच पुढे येते. म्हणून प्रोसेसर तापला तर रेंडर आधी रेंगाळतं, आणि रेंगाळूनही निभावलं नाही तरच पीसी बंद होतो. आधी काहीही न रेंगाळता एका क्षणात काळोख झाला असेल, तर संशयाची सुई प्रोसेसरवरून हलवायला हवी.

खात्री करायची तर बंद झाल्याबरोबर पुन्हा चालू करून थेट बायोसमध्ये जावं. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. आकडा ऐंशी-नव्वदीत असेल तर कूलरचा स्क्रू सैल आहे, पंखा थांबला आहे, थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा नव्या हीट सिंकखालची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायचीच राहिली आहे. ही शेवटची चूक जगभर होते. अनुभवी हातांकडूनही होते.

खोलीचं तापमान फुकट मिळत नाही

पंखा आणि हीट सिंक यांना खोलीतल्या हवेपेक्षा थंड होता येत नाही. हवेच्या वर प्रोसेसर किती अंश चढणार, एवढंच ते ठरवतात. समजा पूर्ण भारावर तो खोलीपेक्षा ५० अंशांनी तापतो. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत हिशेब ७० वर थांबतो. टिनाच्या छताखाली मे महिन्यात दुपारी खोली ४३ वर गेली, की तोच पीसी, तीच पेस्ट, तोच पंखा, आणि आकडा ९३. कुठलाही पार्ट बिघडलेला नसतो.

त्यात पीसी स्वतःची खोली स्वतःच तापवतो. त्याने ओढलेली वीज जवळपास सगळी उष्णताच होते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता निघते. म्हणजे ५०० वॉट ओढणारा पीसी दार बंद करून चालवला, तर त्या खोलीत पाच माणसं जास्तीची बसली आहेत असं समजावं. आणि ज्या लाकडी कॉम्प्युटर टेबलात 'सीपीयू ठेवायचा कप्पा' तिन्ही बाजूंनी बंद असतो, तो तर मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार वाटतो. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरते आणि पुढून पुन्हा आत जाते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, एका बाजूचं पॅनेल उघडा, तेच रेंडर पुन्हा लावा. तापमान दणदणीत उतरलं तर पार्ट बदलायची गरजच नाही.

एसएमपीएसचं लेबल कुणी वाचतं का?

चौघांत सगळ्यात जास्त वेळा वीज तोडणारा हा पहारेकरी, आणि खरेदीच्या यादीत सगळ्यात शेवटी येणाराही हाच. ग्राफिक कार्डावर पैसे उधळायचे आणि उरलेल्या रकमेत एसएमपीएस बसवायचा, ही आपल्याकडची रीत. खोक्यावर '४५०' असा ठळक आकडा असतो. पण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही प्रामुख्याने १२ व्होल्टच्या तारेवर जगतात. म्हणून लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर छापले आहेत ते पाहायचं. तिथे १८ असेल, तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. बाकीचा आकडा ज्या तारांच्या नावावर आहे, त्यांना आजचा पीसी फारसं विचारत नाही.

दुसरी गंमत क्षणांची. ग्राफिक कार्ड सरासरी ३५० वॉट घेतं असं लिहिलेलं असलं, तरी ते सलग ३५० घेत नाही. मिलिसेकंदाच्या हिशेबात ते दीडपटीच्याही वर उसळी मारतं आणि खाली येतं. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली, तेव्हा चांगले नामांकित एसएमपीएसही या उसळ्यांना 'शॉर्ट झालं' समजून बंद पडू लागले. शेवटी नियमच बदलले. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकानुसार अशा मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद तरी सोसला पाहिजे. म्हणजे हिशेबाने पुरेसा असलेला जुना एसएमपीएस गेम सुरू होताच हात वर करत असेल, तर तो खराब असेलच असं नाही. तो जुन्या नियमाने प्रामाणिकपणे वागतोय.

एसएमपीएसनेच वीज तोडली हे ओळखायचं कसं? मदरबोर्डवरचा बारका दिवा पाहा. पीसी बंद असतानाही एसएमपीएसची जांभळी तार ५ व्होल्ट देत राहते आणि दिवा तिच्यावर जळतो. बंद पडल्यावर दिवा चालू, पण पुढचं बटण दाबून काही होत नाही, आणि मागचा स्विच दहा-पंधरा सेकंद बंद ठेवून सुरू केला की पीसी जिवंत? मग एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. दिवाच विझलेला असेल तर एसएमपीएसच्या अलीकडे पाहायचं : यूपीएस, पिन, एक्स्टेंशन बोर्ड, एमसीबी.

जाता जाता बाकीच्या तारांचे रंग : पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी अर्थ. हिरवी काळीला टेकली की एसएमपीएस सुरू होतो, आणि करडी तार मदरबोर्डला सांगते की वीज नीट आहे, आता चालू हो. नव्या एसएमपीएसच्या तारा सरसकट काळ्या येतात. दिसायला देखण्या, पण शिकणाऱ्याची पाटीच पुसली गेली याचं मला वाईट वाटतं.

मोठ्या कार्डाला दोन प्लग लागत असतील, तर एकाच केबलची दोन टोकं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल ओढाव्यात. आठ पिनांच्या एका प्लगचा नेमून दिलेला भार १५० वॉट आहे.

आणि पुन्हा ऊन! एसएमपीएसवरचा '८० प्लस'चा शिक्का सुमारे २३ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचणीवर मिळतो. वर्ध्याच्या मे महिन्याला तो खोलीतला गारवा ठाऊक नाही. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा तर ठरलेला हिशेब आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. २० अंशांनी वाढलं की पाव. गेल्या वर्षी धडधाकट चाललेला पीसी या उन्हाळ्यात त्याच कामाला दमतो, त्यामागे पुष्कळदा हेच म्हातारे कपॅसिटर असतात.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे

घराघरांत टेबलाखाली असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॉट असते. साधा ऑफिसचा पीसी त्याच्यावर आरामात चालतो. त्याच यूपीएसवर ग्राफिक कार्डवाला पीसी लावला, की नुसतं इंटरनेट पाहताना सगळं छान, आणि रेंडर सुरू असताना वीज गेली रे गेली की यूपीएस एक किंकाळी फोडून बसतो. लोक म्हणतात, "बॅटरी गेली." बॅटरी नवी घातली तरी तेच. भार जास्त आहे!

घरच्या इन्व्हर्टरचं वेगळंच. त्याच्यावर बऱ्याचदा 'यूपीएस' आणि 'इको' असा छोटा स्विच असतो. आपल्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे एक पूर्ण लहरही नाही. इको मोडमध्ये इन्व्हर्टरला जागं व्हायला याहून जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला, दिव्याला काही कळत नाही, पीसी मात्र बंद. स्विच 'यूपीएस'वर सरकवला की अनेक घरांतलं हे कोडं विनाखर्च सुटतं. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहरही काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही. तिथे शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टरच हवा.

सांजच्याला गावात सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. एसएमपीएसला त्याचं काही वाटत नाही, कारण तो तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतो. ५०० वॉटला २३० व्होल्टवर २.२ अँपिअर, १९० वर २.६. फरक छोटा दिसतो, पण तारेतली आणि ढिल्या पिनेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. बोर्डावर पिवळा-काळा डाग दिसत असेल तर तो बोर्ड आजच बदला.

एमसीबीलाही ऊन लागतं

एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकली की वीज तुटते. हिचा आकडा ३० अंशांच्या हवेसाठी ठरवलेला असतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, बंद डब्यात, मे महिन्यात ती आधीच अर्धी वाकलेली असते. कूलर, फ्रिज आणि पीसी एकाच एमसीबीवर असतील तर ती लवकर पडते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? घरचं अर्थिंग नाही, किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले बारके कपॅसिटर अशा वेळी कॅबिनेटला विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. करंट किरकोळ असतो, पण इशारा किरकोळ नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल आटते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत पूर्ण शास्त्रशुद्ध आहे.

रुई

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' याच नावाने परदेशी बाजारात ओळखला जायचा. आजही दिवाळीनंतर जिल्ह्यातली जिनिंग-प्रेसिंग सुरू झाली की हवेत रुईचे बारीक तंतू असतात. साधी धूळ पंख्याबरोबर थोडीफार उडून जाते. तंतू मात्र हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये एकमेकांत गुंततात, त्यांच्यावर धूळ बसते, आणि पंख्याखाली हवा अडवणारा सलग थर तयार होतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो, तो काढल्यावरच खालचा थर सापडतो. एसएमपीएसचा पंखा तर खालून हवा ओढणारा असतो आणि कॅबिनेट गादीवर किंवा जाड सतरंजीवर टेकवलेलं असतं.

म्हणून वर्धा जिल्ह्यासाठी साफसफाईचा मुहूर्त ठरलेला आहे : कापसाचा हंगाम सरल्यावर, नवतप्याच्या आधी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. पीसी चालू असताना वरचं कापडी कव्हर काढावं, हे सांगायला नको. पण काढलेलं क्वचितच दिसतं!

कूलर आणि फेसबुकचा ढग

कोरड्या उन्हात वाळ्याच्या कूलरसारखा स्वस्त आणि प्रभावी उपाय नाही. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. याच तत्त्वावर फेसबुकने २०११ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या प्राइनव्हिल इथे आपलं डेटा सेंटर उभारलं : एसीऐवजी पाण्याच्या फवाऱ्याने थंड केलेली हवा. त्याच उन्हाळ्यात यंत्रणेचा ताळमेळ चुकला, आतली हवा इतकी ओली झाली की सर्व्हरच्या दालनात अक्षरशः ढग तयार झाला आणि काही पॉवर सप्लाय शॉर्ट झाले. पुढे त्यांनी पॉवर सप्लायला ओलाव्यापासून संरक्षण दिलं.

आपल्यासाठी यातलं घेण्यासारखं थेट आहे. कूलरने खोली जरूर थंड करा, झरोका उघडा ठेवा, पण कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. झोतातून पाण्याचे बारीक थेंब जातात, बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर मागे पांढरी पुटं राहतात. पावसाळ्यात कूलर तसाही निरुपयोगी, तेव्हा तर नकोच.

मूळ संख्यांच्या शोधातून निघालेली कसोटी

पीसीला मुद्दाम दमवून पाहायचं तर जगभर 'प्राइम९५' हा प्रोग्रॅम चालवतात. तो मुळात बिघाड शोधायला बनलेलाच नव्हता! १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी अवाढव्य मूळ संख्या शोधण्याची 'गिंप्स' ही सार्वजनिक मोहीम सुरू केली, तिचा हा प्रोग्रॅम. एकही आकडा चुकून चालत नाही आणि प्रोसेसर पूर्ण पिळला जातो, म्हणून तो कसोटीचा दगड ठरला. २०१६ च्या सुरुवातीला याच प्रोग्रॅममुळे इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघडकीस आला आणि इंटेलने तो मान्य केला. त्याआधी १९९४ मध्ये पेंटियमचा गाजलेला भागाकाराचा दोषही थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना मूळ संख्यांवर काम करतानाच सापडला होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मोहिमेत ल्यूक ड्युरांट यांनी ग्राफिक कार्डांच्या जोरावर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्या शोधली.

निदानासाठी क्रम असा : एकटा प्राइम९५ लावा. पीसी टिकला तर प्रोसेसर आणि त्याचा कूलर निर्दोष मानायला हरकत नाही. मग ग्राफिक कार्डासाठी एकटा फरमार्क. दोन्ही वेगवेगळे टिकले आणि एकत्र लावताच काळोख झाला, तर एसएमपीएस किंवा यूपीएस अपुरा आहे. रॅमचा दोष सहसा निळी स्क्रीन दाखवतो, सरळ वीज तोडत नाही.

हिंगणघाटला झोपलेला मोजणीदार

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट इथे वारले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना. त्यांची कबर तिथेच आहे. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजताना त्यांनी १०० फुटांची पोलादी साखळी वापरली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर सावली करून, शेजारी थर्मामीटर ठेवले होते. एवढ्या लांबीचं पोलाद दर अंश सेल्सिअसला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतं, आणि तेवढीही चूक त्यांना चालणार नव्हती. लांबीबरोबर तापमानाचीही नोंद, दरवेळी.

पीसीच्या निदानात नेमकी हीच शिस्त कमी पडते. विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक तो आकडा घेऊन उत्तर शोधत बसतात. पण ४१ चा अर्थ फक्त इतकाच की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. त्या नोंदीत बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच सगळं थांबलं, म्हणजे बहुधा वीजच तुटली. खरी माहिती हवी तर एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमला दर दोन सेकंदांनी तापमान आणि व्होल्टेज फाइलमध्ये लिहायला लावा. पीसी बंद पडला तरी शेवटची ओळ उरते. १२ व्होल्टच्या तारेला साधारण ११.४ ते १२.६ एवढीच मुभा आहे, हे ती ओळ वाचताना लक्षात ठेवा. शेजारी खोलीचं तापमान हाताने लिहिलंत तर उत्तमच.

मुरंब्याचा मुलगा

पंख्याची मर्यादाच ओलांडायची तर काय, याचं उत्तर महासंगणकांत सापडतं. भारताचा पहिला महासंगणक 'परम ८०००' १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला. त्यामागचे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपल्याच उन्हातले. त्याच परम घराण्यातला पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' पंख्याच्या हवेवर अवलंबून राहत नाही. त्याच्या चिपांची उष्णता थेट द्रव खेळवून बाहेर नेली जाते.

खर्चाआधीची चाचणी

नवा एसएमपीएस मागवण्याआधी ग्राफिक कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तेच रेंडर लावा. सॉफ्टवेअरमधली एक पट्टी सरकवायची असते, पैसा लागत नाही. पीसी बंद पडायचा थांबला तर दोष विजेच्या वाटेवर आहे हे जवळपास नक्की. शिवाय वेग ३० टक्क्यांनी घटत नाही, त्याहून पुष्कळ कमी घटतो. कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज खातं. लग्नसराईत ऑर्डर तोंडावर असतील तर याच मर्यादेवर रात्री, खोली थंड असताना रेंडर लावून काम निभावता येतं.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. एसएमपीएसचा डबा उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत सरळ केल्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या वर जाते आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ मोठ्या कपॅसिटरमध्ये टिकून राहते. आतली धूळ बाहेरूनच ब्लोअरने काढावी, पंखा वाजत असेल तर वॉरंटीत द्यावा किंवा सरळ बदलावा.

बदलायचाच असेल तर १२ व्होल्टसमोरचा आकडा वाचून, आणि जमलं तर किती अंश तापमानाला ती क्षमता सांगितली आहे हेही दुकानदाराला विचारून. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंश असं छापतात. ५० छापलेला घ्या.